नकार कुठं देतात ते आधी शोधा: परदेशी कंपनीत पहिल्यांदाच माणसं सांभाळणाऱ्यांसाठी

एप्रिलमध्ये बढत्या जाहीर झाल्या की मला हमखास फोन येतात. पोरगा छत्रपती संभाजीनगरजवळच्या कारखान्यांच्या पट्ट्यात, वाळूजला नाहीतर शेंद्र्याला असतो. चार-पाच वर्षं मशीनवर किंवा क्वालिटीत काढलेली असतात आणि आता हाताखाली बारा-पंधरा माणसं आलेली असतात. वरचा साहेब जपानी, कोरियन, जर्मन, नाहीतर अमेरिकेतून कॉलवर येणारा. तक्रार एकच: "सर, माणसं मला हो म्हणतात आन् करत नाहीत. साहेबाला मी हो म्हणतो आन् अडकतो."

मी लातूर जिल्ह्यातल्या निलंग्याकडचा. डिप्लोमा करून वाळूजला आलो, लाइनवर उभा राहिलो, पुढं प्रॉडक्शन मॅनेजर होऊन बाहेर पडलो. चार देशांच्या साहेबांच्या हाताखाली काम झालं. तेवढ्या काळात एकच गोष्ट खऱ्या अर्थानं उपयोगी पडली: प्रत्येक मुलखात नकार द्यायची एक जागा ठरलेली असते. कुणी तो बैठकीत तोंडावर देतं, कुणी बैठकीच्या चार दिवस आधी, कुणी रात्रीच्या जेवणात. आपल्याकडं तो चहाच्या टपरीवर, साहेब नसताना, तिसऱ्याच माणसाला सांगितला जातो. ही जागा तुम्हाला माहीत नसेल तर तुम्ही भलत्याच ठिकाणी उत्तराची वाट बघत बसता.

ही गरज आता वाढणारच आहे. वाळूजला बजाजचा कारखाना 1985 मध्ये सुरू झाला, तेव्हा परदेशी माणूस दिसला की पोरं बघायला थांबायची. आज शेंद्र्यात स्कोडा आहे, कोरियाची ह्योसंग आहे, आणि 2024 मध्ये टोयोटा किर्लोस्करनं छत्रपती संभाजीनगरात कारखान्यासाठी राज्य सरकारशी करार केला.

पायरी 1: पहिले पंधरा दिवस फक्त वही

नवा लीड पहिल्याच सोमवारी भाषण ठोकतो. ते टाळा. खिशात छोटी वही ठेवा आणि तुमच्या समोर झालेला प्रत्येक निर्णय खरा कुठं पक्का झाला ते लिहा. बैठकीत झाला, की बैठकीआधी कॅन्टीनमध्ये? केबिनचं दार लावून झाला, की रात्री साडेनऊच्या मेलवर? कुणी विरोध केला असेल तर कुणासमोर आणि कोणत्या शब्दांत? पंधरा दिवसांत वीसेक नोंदी होतात. भिंतीवरच्या ऑर्ग चार्टशी, म्हणजे कोण कुणाच्या हाताखाली त्या तक्त्याशी, त्या ताडून बघा. फरक दिसला की तुमचं शिक्षण सुरू झालं.

ट्रेनिंगला गेलात तर गीर्ट हॉफस्टेड या डच संशोधकाचे आकडे दाखवतील. 1967 ते 1973 या काळात आयबीएमच्या अनेक देशांतल्या कर्मचाऱ्यांकडून लाखाहून जास्त प्रश्नावल्या भरून घेतल्या होत्या, त्यातून ते आले. वरचा-खालचा हा भेद लोक किती मुकाट मान्य करतात, याचा त्यात एक निर्देशांक आहे. भारत 77, दक्षिण कोरिया 60, जपान 54, अमेरिका 40, जर्मनी 35. जपानच्या आकड्यापाशी थांबा. कमरेत वाकणारे जपानी आपल्यापेक्षा जास्त साहेबी मानत असतील असं वाटतं, पण आकडा उलटं सांगतो. माझा अनुभवही तोच.

तरी हे सरासरीचे आकडे आहेत, तेही एकाच कंपनीतल्या, पन्नासेक वर्षांपूर्वीच्या नोकरदारांचे. जिल्ह्याची सरासरी भरली म्हणून आपल्या रानात पाऊस पडलाच असं नसतं, हे मराठवाड्यातल्या माणसाला वेगळं सांगायला नको. मला भेटलेला सगळ्यात तोंडाळ साहेब जर्मन होता आणि सगळ्यात मऊही जर्मनच.

पायरी 2: आपल्या 'हो'चे प्रकार आधी ओळखा

परदेशी माणूस समजून घ्यायच्या आधी घरचा 'हो' उलगडा. "बघतो की साहेब" म्हणजे बहुतेक नाही. "होऊन जाईल" म्हणजे होईल, पण कोण करणार ते ठरलेलं नाही. "करायलोत की" म्हणजे अजून हात लागलेला नाही. आणि मान डावी-उजवीकडं डुलवली तर आपल्याला अर्थ कळतो, जर्मन माणसाला तो नकार वाटतो.

खरा होकार कसा ओळखायचा? तो काहीतरी मागतो. "मंग त्याला क्रेन लागंल", "शनिवारी दोन पोरं जास्त द्या", "जुना जिग कुठं ठेवू?" असा उलटा प्रश्न आला की समजा, माणसानं काम डोक्यात घेतलं. नुसता गोड होकार आला तर काम अजून तुमच्याच डोक्यावर आहे.

म्हणून "समजलं का?" हा प्रश्न सोडून द्या. त्याचं उत्तर कायम 'हो' येतं, कारण 'नाही' म्हणणं म्हणजे चार माणसांत आपण अडाणी ठरणं. त्याऐवजी विचारा, "हे कशानं अडंल?" या प्रश्नात समोरच्याला तुम्हाला नकार द्यावा लागत नाही, तो गेजला (माप तपासायच्या साधनाला), मटेरियलला, विजेला नकार देतो. तेवढी आडोशाची जागा दिली की माणसं भडाभडा बोलतात.

पायरी 3: साहेबाचा मुलूख

*जपानी साहेब.* इथं नकार बैठकीआधी देतात. त्यांचा शब्द आहे नेमावाशी. झाड दुसरीकडं लावायचं असेल तर आधी मुळांभोवतीची माती हळूहळू मोकळी करायची, असा त्याचा मूळ अर्थ. मोसंबीच्या बागेत राबलेल्या माणसाला हे दोन मिनिटांत कळतं. म्हणजे कल्पना बैठकीत पहिल्यांदा मांडायचीच नाही. ज्यांचा संबंध येतो त्या प्रत्येकाकडं एकेकटं जायचं, कागद दाखवायचा, हरकत ऐकायची, कागद सुधारायचा. प्रस्तावाचा कागद खालून वर फिरतो, प्रत्येक जण शिक्का मारतो, याला रिंगी म्हणतात. बैठक होते तोवर सगळ्यांचं ठरलेलं असतं. आपण तिथं जाऊन तावातावानं नवा मुद्दा मांडला तर तो कितीही बरोबर असो, सगळे खाली बघतात.

मी हे महिनाभराच्या फजितीतून शिकलो. एका ड्रॉइंगमधला टॉलरन्स, म्हणजे मापात चालणारा फरक, थोडा सैल करून मिळावा म्हणून आम्ही विनंती केली. जपानी इंजिनिअरनं दातांतून हवा आत ओढली, मान तिरकी केली आणि म्हणाला, "जरा अवघड आहे. विचार करतो." आम्ही खूश. अवघड आहे, पण प्रयत्न करणार म्हणतोय! आम्ही गेज बनवायलाही टाकला. महिन्यानं कळलं की दातांतून हवा ओढली तेव्हाच उत्तर मिळालं होतं. त्यांच्या बोलण्यात 'अवघड आहे' म्हणजे नाही. आणि त्यांचा 'हाय' म्हणजे 'ऐकलं', 'मान्य' नव्हे. नंतर लक्षात आलं की आपला "बघतो की साहेब" तंतोतंत हेच करतो, फक्त तो आपण खालून वर म्हणतो.

त्यांची दुसरी अपेक्षा म्हणजे होरेन्सो. होकोकु म्हणजे झालेलं कळवणं, रेनराकु म्हणजे चालू असलेलं सांगत राहणं, सोदान म्हणजे करण्याआधी विचारणं. तिन्हींची पहिली अक्षरं जोडली की त्यांच्या भाषेत पालकाची भाजी होते, म्हणून सगळ्यांच्या लक्षात राहते. आपली पोरं यातच मार खातात. आपल्याला वाटतं अडचण स्वतः निस्तरली आणि मगच सांगितलं तर शाबासकी मिळेल. जपानी साहेबाला वाटतं, या माणसानं दोन दिवस माझ्यापासून लपवलं. मशीन बंद पडलं तर दुरुस्तीआधी दोन ओळींचा मेसेज टाका: काय झालं, आत्ता काय करतोय, पुढची खबर किती वाजता. आणि तो स्वतः लाइनवर येऊन उभा राहिला तर घाबरून माणसं पळवू नका. काम होतं त्या जागेला ते गेम्बा म्हणतात, आणि साहेबानं तिथं उभं राहणं हेच त्याचं काम मानतात. चूक सापडली की 'का' हा प्रश्न पाच वेळा विचारतील. 'कोण' विचारणार नाहीत. आपल्या सुपरवायझरला मात्र पहिल्या 'का'लाच 'कोण' ऐकू येतो.

*कोरियन साहेब.* दुरून जपानीसारखा वाटतो, पण हिशोब वेगळा आहे. इथं हुद्दा नावाला चिकटलेला असतो. सावन, देरी, ग्वाजांग, चाजांग, बुजांग अशी उतरंड, आणि पुढं आदराचा 'निम'. आपलं 'पाटील साहेब' बोलणं ज्यांच्या अंगवळणी आहे त्यांना हे जड जात नाही. वेग मात्र जड जातो. 'पल्ली-पल्ली' म्हणजे लवकर-लवकर, हा शब्द दिवसातून दहा वेळा ऐकाल. ऐंशी टक्के तयार काम आज दाखवा आणि उरलेलं कधी होईल ते सांगा. शंभर टक्क्यांची वाट बघत बसलात तर आळशी ठराल.

साहेबाला बैठकीत विरोध करायचा नाही. जी काय हरकत असेल ती एकट्यात, नाहीतर त्याच्या खालच्या कोरियन माणसाच्या तोंडून. आणि बऱ्याचदा ती जेवणात निघते. टीमनं संध्याकाळी एकत्र जेवणं-पिणं हा तिथं कामाचाच भाग आहे. इथं आपल्या माळकरी पोरांची अडचण होते. एक जण पहिल्या जेवणाला पोटदुखीचं कारण सांगून गेला नाही, दुसऱ्या जेवणाला तापाचं सांगितलं, आणि साहेबानं त्याला फटकून वागणारा ठरवला. सरळ सांगा: वारकरी आहे, माळ घातलीय, दारू-मटण चालत नाही, पण येणार. जा, पाण्याचा ग्लास घ्या, मोठ्यांना ओतताना दोन्ही हातांनी ओता. श्रद्धेचं कारण एकदा कळलं की सहसा कुणी आग्रह करत नाही. न येणं मात्र बोचतं.

*जर्मन साहेब.* नकार समोर, बैठकीत, सगळ्यांदेखत. आणि तो तुम्हाला नसतो, कागदाला असतो. हे पचवायला मला दोन वर्षं लागली. "हे चूक आहे" असं म्हणून तो माणूस दुपारी माझ्यासोबत हसत जेवायचा, आणि मी रात्री राजीनाम्याचा मजकूर जुळवत असायचो.

याच्यामागं त्यांची व्यवस्था आहे. 1976 च्या कायद्यानं तिथं दोन हजारांहून जास्त माणसं असलेल्या कंपन्यांच्या पर्यवेक्षक मंडळात निम्म्या जागा कर्मचाऱ्यांच्या प्रतिनिधींना आहेत. कामगार परिषदेशी बोलल्याशिवाय शिफ्टची वेळसुद्धा बदलत नाहीत. अशा ठिकाणी वाढलेल्या माणसाला ऑपरेटरनं तोंडावर बोलणं हा उद्धटपणा वाटत नाही, तो गप्प बसला तर संशय येतो.

एकदा जर्मनीहून ऑडिटर आले होते. त्यांनी ऑपरेटरला विचारलं, ही तपासणी का चुकवली? उत्तर पाठीमागून सुपरवायझरनं दिलं. ऑडिटर वळला नाही, म्हणाला, मी यांना विचारलं. ऑपरेटरनं सांगून टाकलं की गेज तीन दिवसांपासून तुटलंय. आमच्या अंगावर काटा आला. ऑडिटरनं लिहून घेतलं आणि त्या माणसाचे आभार मानले. पाहुण्यांची गाडी गेटबाहेर गेल्यावर मात्र आमच्याच मॅनेजरनं त्या ऑपरेटरला केबिनमध्ये घेतलं. पुढची तीन वर्षं त्या लाइनवरचा एकही माणूस कुठल्याच ऑडिटरशी धड बोलला नाही. मधल्या माणसानं काय करू नये, याचं मला दुसरं उदाहरण द्यावं लागत नाही.

कौतुकाची वाट बघू नका. दक्षिण जर्मनीतल्या श्वाबेन भागात म्हण आहे: रागावलं नाही म्हणजे पुरेसं कौतुक झालं. आपल्या वडिलांच्या पिढीला हे जर्मनांनी शिकवायची गरज पडली नसती. आणि सुटीत त्यांना फोन नको. ऑगस्टमध्ये तीन आठवडे माणूस गायब झाला तर तो खरंच गायब असतो, मंजुरी जुलैत घेऊन ठेवा.

*अमेरिकन साहेब.* पहिल्या नावानं बोलवायला सांगतो, पोराबाळांची चौकशी करतो, आणि प्रत्येक गोष्ट 'ग्रेट' असते. नवखा माणूस इथं सगळ्यात जास्त फसतो, कारण इथं नकार कौतुकाच्या पुडक्यात येतो. दोन वाक्यं स्तुती, मग 'एक छोटी सूचना', मग परत स्तुती. ती मधली सूचना हाच हुकूम असतो. "तुम्ही याचा विचार केला होता का?" असा प्रश्न आला तर उत्तर देऊ नका, काम सुरू करा. मोकळेपणा खरा असतो, पण त्यावर नोकरी टिकत नाही. तिथल्या बहुतेक राज्यांत फारसं कारण न देताही माणसाला कामावरून काढता येतं, हे त्याच्या गोड बोलण्यामागं कायम असतं.

अप्रेजलची गोष्ट वेगळी सांगतो. आपलं माणूस लिहितं, 'टीमनं स्क्रॅप (वाया जाणारा माल) कमी केला.' अमेरिकन साहेब विचारतो, यात तुम्ही काय केलं? आपण लाजतो, 'मी केलं' म्हणायला जीभ वळत नाही. मग ज्यानं 'मी' लिहिलं त्याला पगारवाढ मिळते. दोन्ही लिहा: टीमनं काय केलं आणि त्यातला कोणता निर्णय तुमचा होता. जपानी साहेबाला मात्र हाच कागद जसाच्या तसा देऊ नका, तिथं 'मी' कमी करा.

पायरी 4: आपली माणसं

तुम्ही सत्तावीसचे, आणि लाइनवरचा मुख्य ऑपरेटर त्रेपन्नचा. कंपनीत सगळे एकमेकांना पहिल्या नावानं बोलवतात म्हणून तुम्हीही त्याला नावानं हाक मारली, तर संपलात. अण्णा, मामा, भाऊ, जे चालत आलंय तेच म्हणा, आणि 'तुम्ही' कधी सोडू नका. पहिल्या आठवड्यात त्यांच्याकडं जाऊन म्हणा, "मामा, हे मशीन माझ्याआधीपासून तुमच्या हातात आहे, मला त्याच्या खोडी सांगा." यात कमीपणा काही नाही, आणि खोडी खरंच कळतात.

चार माणसांत कुणाला बोलू नका. जर्मन साहेबानं तुम्हाला सगळ्यांदेखत झापलं ते तसंच खाली ओतू नका, तुमचं काम गाळणीचं आहे. मुद्दा पोचवा, सूर गाळा. खालून वर जाताना मात्र उलटं करा. "पोरं म्हणतात होऊन जाईल" हे वाक्य जर्मन किंवा अमेरिकन साहेबापर्यंत कधीच जाऊ देऊ नका. त्याला सांगा: आत्ता साठ टक्के झालंय, अमुक पार्ट आला तर गुरुवारी, नाही आला तर सोमवारी. जपानी साहेबाला हेच, पण दोन दिवस आधी.

कंत्राटी पोरांचा प्रश्न नाजूक असतो. ती ठेकेदाराची माणसं, हुकूम तुमचा, पगार त्याचा. त्यांचा नकार तुमच्यापर्यंत कधीच येत नाही, तो थेट गैरहजेरी होऊन येतो. गेटबाहेरच्या टपरीवर अधूनमधून उभे राहा. पाळत ठेवायला नाही, चहा प्यायला. तिथं ऐकलेलं नाव घेऊन दुसऱ्या दिवशी बोललात तर मात्र ती टपरी तुमच्यासाठी कायमची बंद.

सुट्ट्यांवरून साहेबाशी खटके उडतात. एकदा मला विचारलं गेलं, या माणसाचे वर्षात तीन अंकल कसे वारले? फाइल काढली. एक चुलते, एक मामा, एक आत्याचे यजमान. इंग्रजीत तिघंही अंकल! तेव्हापासून मी रजेच्या अर्जावर 'वडिलांचे धाकटे भाऊ', 'आईचे भाऊ' असं फोड करून लिहायला लावलं, आणि मातीला जाणं म्हणजे एक दिवस, दहाव्याला वेगळा दिवस, हेही एकदाच समजावून सांगितलं. संशय तिथंच संपला.

पायरी 5: वर नकार कसा द्यायचा

हे जमलं नाही तर बाकीचं वाया. महिन्याला तीस टक्के उत्पादन वाढवा असं सांगितलं आणि ते शक्य नाही, तर चारही साहेबांना चार वेगळ्या जागी सांगावं लागतं. जपानी साहेबाकडं बैठकीआधी, आकडे घेऊन, "एका गोष्टीत सल्ला हवाय" असं म्हणून जा. कोरियन साहेबाला 'नाही' म्हणू नका, आजपासून काय सुरू करता येईल ते सांगा आणि पुढची अडचण एकट्यात. जर्मन साहेबाला बैठकीतच सांगा, शांतपणे: शक्य नाही, कारणं ही तीन, हा मोजणीचा तक्ता. अमेरिकन साहेबाला पर्याय द्या, दोन रस्ते आणि प्रत्येकाचा खर्च, निवड त्याला करू द्या.

बोलणं झालं की त्याच दिवशी मेल टाका. तीन-चार ओळी, काय ठरलं, कोण करणार, कधी. बोललेलं विसरता येतं, लिहिलेलं सापडतं.

पायरी 6: घड्याळ आणि तारखा

जपान आणि कोरिया आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढं. जर्मनी हिवाळ्यात साडेचार तास मागं, उन्हाळ्यात साडेतीन. अमेरिकेतलं डेट्रॉइट हिवाळ्यात साडेदहा तास मागं, उन्हाळ्यात साडेनऊ. अमेरिका मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळ बदलते, जर्मनी शेवटच्या, त्यामुळं मधल्या दोन-तीन आठवड्यांत कॉल चुकतात. तारखेत महिना अक्षरांनी लिहा. 5/6 म्हणजे आपली आणि जर्मनची पाच जून, अमेरिकनची सहा मे. जर्मन ड्रॉइंगवर 1,5 म्हणजे दीड मिलिमीटर. लाख-कोटी कुणालाच कळत नाहीत.

ऑक्टोबरमध्येच पुढच्या वर्षभराच्या सणांची यादी करून साहेबाला पाठवा. दिवाळी त्यांना माहीत असते. येळवस, म्हणजे वेळ अमावस्या, माहीत नसते, आणि लातूर-धाराशिवकडची पोरं येळवशीला काहीही झालं तरी शेतात जातात. ही मार्गशीर्षातली अमावस्या येते डिसेंबर-जानेवारीत, नेमक्या वर्षअखेरच्या स्टॉक मोजणीच्या आसपास. मी मेलमध्ये तारीख, जाणाऱ्या माणसांची संख्या आणि त्यांच्या जागी येणाऱ्यांची नावं द्यायचो, आणि त्या दिवशी शेतात आंबील पितात हेही लिहायचो. ज्यांच्याकडं येळवस नसते ती जालन्याकडची पोरं त्या दिवशी उभी राहायची, आणि पोळ्याला आमची पोरं त्यांची शिफ्ट धरायची. पहिल्या वर्षी साहेबाचं उत्तर एका ओळीचं आलं: ठीक, पण हे आंबील म्हणजे काय? दुसऱ्या दिवशी पोरांनी पाच लिटरचा कॅन भरून आणला.